शेवटचे उपचार थांबवण्याचा निर्णय कोणाचा?

३० जानेवारी २०२५ रोजी कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढले. रुग्ण बरा होण्याची आशा उरलेली नाही आणि श्वास केवळ यंत्राच्या आधाराने चालू आहे, अशा वेळी उपचार थांबवायचे की नाही हे कोणी ठरवायचे, किती डॉक्टरांनी तपासायचे आणि कागद कोणाकडे पाठवायचे, हे त्यात सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आणि २०२३ मध्ये सुधारलेला निकाल प्रत्यक्षात आणण्यासाठी राज्याने उचललेले हे पाऊल. त्या दिवसांत दावणगेरेच्या एच. बी. करिबसम्मा यांचे नाव पुन्हा बातम्यांत आले. ऐंशी ओलांडलेल्या या निवृत्त शिक्षिका सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे सरकारदरबारी आणि न्यायालयात झगडत आल्या आहेत.

या परिपत्रकाची व्याप्ती मात्र नीट समजून घ्यायला हवी. ते जीवरक्षक उपचारांवर असलेल्या रुग्णापुरतेच आहे. असह्य दुखण्याला कंटाळलेल्या, पण शुद्धीत असलेल्या आणि यंत्राविना जगणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. औषध टोचून मरण देणे भारतात आजही गुन्हाच आहे.

हुबळी-धारवाडकरांसाठी हा विषय दूरचा नाही. १९५७ साली सुरू झालेले हुबळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे अजूनही किम्स म्हणतात, दोन्ही शहरांच्या मधले सत्तूरचे एसडीएम रुग्णालय, नवनगरचे कर्करोग रुग्णालय आणि शहरातली खासगी हॉस्पिटले यांच्याकडे हावेरी, गदग, कोप्पळपासून हल्याळ, दांडेली, कारवारपर्यंतचे रुग्ण येतात. त्यांत मराठी घरांतले लोकही असतात. आयसीयूबाहेरच्या बाकांवर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो, आणि बहुतेकांनी त्याआधी घरात त्याविषयी एक शब्दही बोललेला नसतो.

न्यायालयाच्या आधीपासून

आयुष्याच्या शेवटी औषध आणि अन्न नाकारणे आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाचे जैन व्रत, घेऊन देह ठेवला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न, पाणी आणि औषध सोडले. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केले. यांतल्या कोणालाही समाजाने गुन्हेगार म्हटले नाही. कायद्याची भाषा मात्र वेगळी होती. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखनेला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले, तेव्हा देशभरचे जैन रस्त्यावर उतरले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

संघटित चर्चेची सुरुवात मुंबईत झाली. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी तेथे संस्था स्थापन केली. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी एका पोलीस शिपायाच्या खटल्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली आणि १९९६ च्या ग्यान कौर निकालात पाच न्यायमूर्तींनी ती फिरवली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्यांनी सांगितले. पण त्याच निकालात एक फट राहिली. ज्याचे मरण आधीच सुरू झाले आहे, त्याच्या बाबतीत ती प्रक्रिया सन्मानाने पुरी होणे हा जगण्याच्याच हक्काचा भाग मानता येईल, असे न्यायालय म्हणाले. पुढची सारी वाटचाल या एका विचारातून झाली.

हळदीपूरची परिचारिका

उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावरजवळच्या हळदीपूरची अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि ती कायमची निश्चेष्ट अवस्थेत गेली. पुढे जवळपास ४२ वर्षे ती केईएमच्या वॉर्ड क्रमांक चारमध्ये होती. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण तिला भरवणे, पुसणे, कूस बदलणे यांत खंड पडला नाही. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, याची नोंद न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे, त्याला या एका ओळीमागचे कष्ट कळतील.

पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने अर्ज केला, की तिला भरवणे थांबवावे आणि शांतपणे जाऊ द्यावे. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी तो फेटाळला. तिचे जवळचे माणूस म्हणजे केईएमचे कर्मचारी, आणि ती जगावी अशी त्यांची इच्छा आहे, असे न्यायालयाने ठरवले. मात्र त्याच निकालाने जीवरक्षक उपचार थांबवण्याला देशात पहिल्यांदा वाट करून दिली. अट होती उच्च न्यायालयाच्या परवानगीची. असा प्रसंग त्यानंतर हळदीपूरच्या एखाद्या घरावर आला असता, तर त्या घराला धारवाडच्या पीठापुढे अर्ज करून तीन तज्ज्ञांच्या अहवालाची वाट पाहावी लागली असती. आयसीयूतल्या माणसाजवळ तेवढा वेळ क्वचितच असतो. १८ मे २०१५ रोजी अरुणा न्यूमोनियाने गेली.

या प्रकरणात दोन्ही बाजू करुणेच्याच होत्या. विराणींना तिचे हाल संपावेत असे वाटत होते, आणि परिचारिकांना आपली सहकारी आपल्या हातून मारली जाऊ नये असे वाटत होते. आरोग्यसेवेतल्या नीतीचा पेच बहुतेक वेळा असाच दोन चांगल्या हेतूंमधला असतो. केईएमची ती सेवा भारतीय रुग्णालयांच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे, हे निकाल कोणाला पटो न पटो, मान्य करावेच लागेल.

२०१८ चा निकाल आणि २०२३ ची दुरुस्ती

‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरणे हा घटनेच्या २१ व्या कलमातला मूलभूत हक्क आहे आणि प्रत्येक सज्ञान, समंजस माणसाला आपले वैद्यकीय इच्छापत्र आधीच लिहून ठेवता येईल, असे त्यात ठरले. पण कार्यपद्धती इतकी किचकट झाली, की ती वापरणे जवळजवळ अशक्य होते. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. वैद्यकीय मंडळावर किमान वीस वर्षांच्या अनुभवाचे डॉक्टर लागत. शेवटी न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः रुग्णालयात येऊन परवानगी द्यायची होती.

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनेच हे न्यायालयाच्या नजरेस आणून दिले. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नियम सोपे केले. आता इच्छापत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का पुरतो. आपल्या वतीने निर्णय घेणारी एक किंवा अधिक माणसे त्यात नावानिशी नेमायची असतात. वेळ आली की रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ बसते. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. त्यांचे मत दुसरे मंडळ पडताळते, आणि त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी लागत नाही. उपचार थांबवण्याआधी त्याला कळवायचे असते, एवढेच. इच्छापत्र नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच पद्धत चालते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते.

कर्नाटकाच्या परिपत्रकाने यात आपली भर घातली. दुसऱ्या मंडळावरचा डॉक्टर कोण, हा सगळीकडे अडणारा दुवा होता. मेंदूमृत्यू प्रमाणित करण्यासाठी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली आधीच मान्यता मिळालेले न्यूरोलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा इन्टेन्सिव्हिस्ट यांतून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने तो नेमायचा, असे राज्याने ठरवले. नवे पद न काढता असलेल्या यादीचा उपयोग करून घेतला, हे व्यवहार्य झाले. पण मेंदूमृत्यू आणि उपचार थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूमृत्यू झालेला माणूस अवयव प्रत्यारोपण कायद्यात मृतच धरला जातो. इच्छापत्राचा प्रश्न येतो तो अजून जिवंत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत. आयसीयूच्या दारात घाईघाईत समजावताना या दोन्हींची गल्लत होऊ नये.

शेजारच्या राज्यांतही हालचाल आहे. मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी आपले इच्छापत्र केले, ते ठेवायचे कोणाकडे हा प्रश्न पालिकेला विचारला आणि उच्च न्यायालयापर्यंत लावून धरला. त्यातून मुंबई महापालिकेने कस्टोडियन, म्हणजे इच्छापत्रे जपून ठेवणारे अधिकारी नेमले. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी सर्वांसमक्ष आपले इच्छापत्र नोंदवले. न्यायमूर्तीनेच सही केली, म्हणून सामान्य माणसाच्या मनातली भीती थोडी तरी कमी झाली असेल.

कोणाचे म्हणणे काय

हक्काच्या बाजूचे लोक स्वायत्ततेपासून सुरुवात करतात. सुदृढ माणूस शस्त्रक्रियेला नाही म्हणू शकतो, तर बेशुद्ध होण्याआधी लिहून ठेवलेले त्याचे ‘नाही’ का मोडावे? समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संमती म्हणजे माहिती समजून घेऊन दिलेली संमती. एका शस्त्रक्रियेसाठी घेतलेली सही दुसरीला चालत नाही. व्हेंटिलेटरलाही तोच न्याय लावावा, असे या बाजूचे म्हणणे.

डॉक्टरांत एकमत नाही. अतिदक्षता तज्ज्ञांना स्पष्ट नियम हवे आहेत, कारण निष्फळ उपचार चालू ठेवणे हेही रुग्णाचे हाल करणेच आहे, असा त्यांचा अनुभव आहे. उलट केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये उपचार थांबवण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याला आक्षेप घेतला. हे निर्णय आजवर डॉक्टर आणि नातेवाईक विश्वासाने घेत आले आहेत. ते कागदावर आणल्याने डॉक्टर कायद्याच्या चौकशीखाली येतील आणि त्यांच्यावरचा ताण वाढेल, असे संघटनेचे म्हणणे होते. ही भीती निराधार नाही. १९९५ च्या शांता निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी कारवाईपासून काहीसे संरक्षण दिले, तरी मृत्यूनंतर रुग्णालयात होणारी तोडफोड कोणत्याच निकालाने थांबलेली नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतही दयामरण अनैतिक म्हटले आहे, आणि मेंदूमृत्यूनंतर यंत्रे काढण्याचा निर्णय एकट्या डॉक्टरने नव्हे, गटाने घ्यावा असे सांगितले आहे.

तिसरी बाजू सावध राहणाऱ्यांची. अपंगांच्या हक्कासाठी झटणारे विचारतात, की ‘असे जगण्यात काय अर्थ’ हे ठरवणारे आपण कोण? वृद्धांसाठी काम करणाऱ्यांना जमीनजुमल्याच्या वाटणीची घाई झालेले वारस दिसतात. दोन मंडळे आणि न्यायदंडाधिकाऱ्याला सूचना, या पायऱ्या त्यासाठीच आहेत. त्या पुरेशा आहेत का, हे काही वर्षांच्या अनुभवानंतरच कळेल. धर्माच्या बाजूनेही सरसकट विरोध नाही. कॅथलिक चर्च दयामरणाला ठाम विरोध करते, पण आवाक्याबाहेरचे असाधारण उपचार नाकारता येतात, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे सांगितले होते.

‘घरी घेऊन जातो’

या वादात एक मोठी गोष्ट कागदावर फारशी येत नाही. भारतातल्या आयसीयूंत उपचार थांबतात ते बहुतेकदा मंडळ बसून नव्हे, तर नातेवाइकांच्या एका वाक्याने: ‘डॉक्टर, आम्ही घरी घेऊन जातो.’ रुग्णालयाच्या भाषेत याला डामा किंवा लामा म्हणतात, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज. फॉर्मवर सही होते. अॅम्ब्युलन्समध्ये नळी तशीच ठेवून कोणीतरी हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत बसतो. गाव आले, माणूस अंगणात उतरवला, तोंडात पाणी घातले, की बॅग थांबते. वेदनाशामक औषध सोबत दिलेले असतेच असे नाही. श्वासासाठी धडपडणारे आपले माणूस पाहत राहणे, एवढेच घरच्यांच्या हाती उरते.

हे घडते कधी श्रद्धेने, कारण घरच्या उंबऱ्यात प्राण जावा असे वाटते. आणि कधी पैसे संपले म्हणून. पहिले कारण असेल तर त्यात सन्मान आहे, दुसरे असेल तर ती लाचारी आहे, आणि फॉर्म दोन्हींना एकच असतो. कायद्यातला सन्माननीय मार्ग अवघड आणि डामाचा मार्ग एका सहीचा असेल, तर लोक दुसराच धरणार. कर्नाटकात पैशाच्या बाजूला काही आधार आहे. २०१७ मध्ये विधिमंडळाच्या बेळगावच्या अधिवेशनात, डॉक्टरांच्या राज्यव्यापी बंदनंतर, खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि रुग्णांच्या हक्कांची सनद त्यात आली. पण उपचार थांबवण्याच्या निर्णयामागे बिल किती आणि रुग्णाची इच्छा किती, हे वेगळे काढण्याची सोय कोणत्याच कायद्यात नाही.

म्हणूनच उपशामक सेवा, म्हणजे बरे करता येत नसेल तेव्हा वेदना कमी करण्याची सेवा, या साऱ्याचा पाया आहे. मुंबईचे शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले, पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ मध्ये. केरळने २००८ मध्ये या सेवेचे धोरण आखले आणि ती गावागावांत नेली. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायदा बदलून मॉर्फिनचे परवाने सोपे झाले. तरीही कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या खेड्यातल्या माणसाला मॉर्फिनची गोळी सहज मिळते, असे आजही म्हणता येत नाही. जोवर ती मिळत नाही, तोवर उपचार नाकारण्याचा हक्क अर्धवटच म्हणावा लागेल.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न नळीतून दिल्या जाणाऱ्या अन्नाचा. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ च्या टोनी ब्लँड प्रकरणात नळीतले अन्न वैद्यकीय उपचारात धरले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये तीच गोष्ट मूलभूत शुश्रूषा मानली. भारतात २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका तरुणाच्या आईवडिलांची विनंती फेटाळताना सांगितले, की तो व्हेंटिलेटरवर नाही, बाहेरच्या यंत्राविना जगतो आहे. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०२६ मध्ये त्या न्यायालयाने नळीतले अन्न उपचारात धरून ते थांबवायला परवानगी दिली. तरीही अन्न म्हणजे उपचार की शुश्रूषा, हा प्रश्न अरुणाच्या वेळेइतकाच आजही माणसाला आतून हलवतो.

दुसरा प्रश्न मनाच्या आजाराचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपल्या मानसिक उपचारांविषयी आगाऊ सूचना लिहून ठेवता येतात. धारवाडच्या डिमहान्समध्ये, ज्याची मुळे १८४५ च्या मनोरुग्णालयापर्यंत जातात, अशा सूचनांना महत्त्व आहे. पण ती सूचना आणि व्हेंटिलेटरविषयीचे इच्छापत्र हे दोन वेगळे कागद आहेत. नैराश्याच्या भरात लिहिलेले इच्छापत्र कितपत खरे मानायचे, याचे ठाम उत्तर न्यायालयाने दिलेले नाही.

तिसरा भाषेचा, आणि तो या भागातल्या मराठी घरांना थेट लागू पडतो. इच्छापत्र कोणत्या भाषेत असावे याची अट नाही, मराठीत लिहिले तरी ते वैध आहे. पण रात्री दोन वाजता आयसीयूत असलेल्या डॉक्टरला ते वाचता आले नाही, तर त्याचा उपयोग होणार नाही. खानापूर-हल्याळकडच्या आजीला कन्नड किंवा इंग्रजी फॉर्मवर अंगठा उठवायला सांगितला, तर ती समजून घेऊन दिलेली संमती म्हणता येईल का, हा प्रश्नही याच जातीचा.

चौथा अंतराचा. मान्यताप्राप्त तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटले आहेत. सुपरस्पेशालिटी रुग्णालयासाठी वर्षानुवर्षे मागणी करणाऱ्या उत्तर कन्नडसारख्या जिल्ह्यात ४८ तासांत दोन मंडळे बसवणे हुबळीइतके सोपे नाही. मुलांच्या बाबतीत तर इच्छापत्राचा आधारच नाही. तिथे आईवडिलांची संमती आणि मंडळांचे मत यांवरच सारे चालते.

केंद्राने या विषयावर अजून स्वतंत्र कायदा केलेला नाही. विधी आयोगाने २००६ आणि २०१२ मध्ये अहवाल दिले, तरी आजही आधार आहे तो न्यायालयाच्या निर्देशांचा आणि राज्यांच्या परिपत्रकांचा. तेवढ्यावरही बरेच काही करता येते. इच्छापत्र करू इच्छिणाऱ्याने ते मराठीबरोबर कन्नड किंवा इंग्रजीतही करावे, आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाला आधी विचारून मगच त्याचे नाव घालावे, दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी करून घ्यावी आणि एक प्रत नेहमीच्या डॉक्टरकडे, एक घरात हाताशी ठेवावी. मत बदलले तर ते केव्हाही रद्द करता येते. आणि हुबळी-धारवाड महानगरपालिकेने इच्छापत्रे जपणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, कचेरी आणि वेळ आपल्या फलकावर ठळक कन्नड आणि मराठीत लावावी, ही मागणी नागरिकांनी आपापल्या नगरसेवकाकडे करावी.